लिंबाच्या नवतीवरचं पाखरू

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या कुंडीतल्या लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर चिमणीची शिट पडल्यासारखा काळपट-पांढरा डाग दिसला, तर तो लगेच पुसायला जाऊ नका. मिनिटभर थांबून नीट बघा. डाग कोरडा, पसरट असेल तर ती खरोखर शिट. पण तो ओला असल्यासारखा चकाकत असेल आणि काडीने पान हलवल्यावर त्याचं एक टोक किंचित वर उचलत असेल, तर ती लिंबू फुलपाखराची अळी आहे.

शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलिअस. लिनियसने १७५८ साली ज्या फुलपाखरांना नावं दिली त्यांतलंच हे एक. इंग्रजीत याच्या कुळाला ‘स्वॅलोटेल’ म्हणतात, म्हणजे पाकोळी पक्ष्याच्या शेपटीसारखी शेपटी असलेलं. मागच्या पंखांना खाली लांबट टोकं असतात, त्यावरून आलेलं हे नाव. गंमत अशी की आपल्या लिंबू फुलपाखराला शेपटी नाहीच. मागच्या पंखाची कड नुसती दातेरी असते. तरीही ते याच कुळातलं, कारण कूळ ठरतं ते पंखांवरच्या शिरांच्या ठेवणीवरून आणि अळीच्या एका खास अवयवावरून. त्या अवयवाकडे पुढे येऊच.

आधी पाखरू कसं दिसतं ते सांगतो, कारण रेडिओवर चित्र दाखवता येत नाही. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ८ ते १० सेंटिमीटर, म्हणजे तळहाताची रुंदी धरा. रंग काळा, आणि त्यावर फिक्या पिवळ्या रंगाचे लहानमोठे, वेडेवाकडे ठिपके. रंगाऱ्याने कुंचला झटकावा तसे उडालेले वाटतात, पण दोन्ही बाजूंना अगदी सारखे. पंखांच्या मुळाशी पिवळ्या खवल्यांची बारीक पूड शिंपडल्यासारखी दिसते. मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात, म्हणजे पोटाच्या टोकाजवळ, विटकरी लाल ठिपका असतो. याच पंखाच्या वरच्या कडेला निळसर झाक असलेला डोळ्यासारखा दुसरा ठिपका. पंख मिटले की खालची बाजू दिसते. ती बरीच फिकी, दुधाळ पिवळी, मध्ये केशरी आणि निळ्या छटा. नर-मादी दिसायला जवळपास सारखीच.

ओळखायची सर्वांत सोपी खूण म्हणजे त्याची फुलावरची सवय. रस पिताना ते स्वस्थ बसत नाही. मागचे पंख स्थिर आणि पुढचे सतत थरथरत असतात. घाणेरी, झेंडू, झिनिया, इक्सोरा यांच्या फुलांवर ऊन चढत असताना लक्ष ठेवा. फोटो काढणाऱ्यांची याच सवयीमुळे चिडचिड होते, कारण पुढचे पंख नेहमी पुसट येतात. सकाळी लवकर किंवा ढगाळ हवेत गाठलं तर ते पंख सपाट पसरून ऊन खात बसलेलं सापडतं. तेव्हा हवे तेवढे फोटो काढा. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर नर घोळक्याने बसतात आणि ओलीतले क्षार शोषून घेतात.

हे पाखरू उघड्या उन्हातलं. माळरान, शेताचे बांध, फळबागा, सोसायटीची बाग, गच्चीवरच्या कुंड्या. दाट, सावलीच्या जंगलात ते कमी. तिथला मान वेगळ्याचा, आपल्या राज्य फुलपाखराचा, राणी पाखराचा. त्याला निलवंत असंही म्हणतात. महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिला, आणि असा दर्जा देणारं आपलं राज्य देशात पहिलं. राणी पाखरू १२ ते १५ सेंटिमीटरचं, मखमली काळं आणि आकाशी निळं. तेही याच कुळातलं, आणि त्याच्याही अळ्या लिंबाच्या जातीची झाडं खातात. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या परसात लिंबावर नेहमीपेक्षा बरीच मोठी, जाडजूड हिरवी अळी दिसली तर ती राणी पाखराची असू शकते. औषध मारायच्या आधी एवढी शंका मनात येऊ द्या.

लिंबू फुलपाखराचा पसारा मोठा आहे. अरबस्तान-इराणपासून भारत, चीन, आग्नेय आशिया, थेट ऑस्ट्रेलियापर्यंत. २००४ साली ते अटलांटिकपलीकडे डॉमिनिकन प्रजासत्ताकात आढळल्याची नोंद झाली आणि तिथून कॅरिबियन बेटांत पसरलं. जिथे माणसाने लिंबू-संत्र्याच्या बागा लावल्या, तिथे याची पंगत आधीच मांडलेली.

ही पंगत कशाकशाची असते? कागदी लिंबू, ईडलिंबू, मोसंबी, संत्रं, पपनस, कढीपत्ता, बेल, कवठ, रानातलं माकडलिंबू. हे सगळं एकाच कुळातलं. पान चुरगाळलं की येणारा तेलकट, उग्र वास हीच त्या कुळाची ओळख. याशिवाय आपल्याकडे बावचीवरही ही अळी नोंदलेली आहे, आणि बावची तर द्विदल, शेंगवर्गी. श्रावणात आणलेल्या बेलाच्या पानांत एखादं कडेला कुरतडलेलं निघतं, त्यातही पुष्कळदा हिचाच हात असतो.

आता मादीकडे बघा. अंडी घालायची असली की ती फुलांकडे ढुंकूनही पाहत नाही. जमिनीपासून फार उंच न जाता झुडपाझुडपातून भिरभिरते, पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी त्यावर टकटक करते. तिच्या पायांना चव कळते. पान आपल्या पोरांच्या कामाचं आहे का, हे ती पायाने चाखून ठरवते. पसंत पडलं की पोट वाकवून एकच अंडं चिकटवते आणि उडून जाते. पुढचं अंडं दुसऱ्या पानावर, बहुधा दुसऱ्या झाडावर. जवळपास सगळी अंडी नवतीवर, म्हणजे नव्या पालवीच्या कोवळ्या, पोपटी, मऊ पानांवर, बरेचदा कडेशी. ताजी बाहेर पडलेली एवढीशी अळी जून पानाला तोंड लावू शकत नाही, म्हणून ही निवड.

अंडं गोल, मोहरीपेक्षा लहान, जेमतेम १ मिलिमीटरचं, फिकं पिवळं. भिंगातून बघितलं तर मेणाचा मणी चिकटवल्यासारखं दिसतं. उबदार हवेत ३ ते ४ दिवसांत, गारठ्यात ६ दिवसांपर्यंत ते फुटतं. फुटायच्या आदल्या दिवशी ते काळपट होतं, कारण आतल्या अळीचं डोकं कवचातून दिसायला लागतं. बाहेर येताच अळी पहिलं काम करते ते अंड्याचं कवच खायचं.

अळीच्या पाच अवस्था. प्रत्येक अवस्थेच्या शेवटी कात. पहिल्या चार अवस्थांत तिचं सोंग एकच, पक्ष्याच्या शिटीचं. अंग काळपट तपकिरी, मध्ये पांढरा तिरका पट्टा, वर ओलसर चकाकी. पक्षी शिट खात नाहीत, म्हणून हे सोंग चालतं. पाचव्या अवस्थेत अळी तीन-चार सेंटिमीटरची होते. एवढी मोठी शिट कोणता पक्षी टाकणार? तेव्हा सोंग बदलतं. चौथी कात टाकून बाहेर येते ती हिरवीगार अळी, पानात मिसळून जाणारी. अंगावर तपकिरी आडवे-तिरके पट्टे, आणि पुढच्या फुगीर भागावर डोळ्यांसारखे दोन ठिपके. ते खरे डोळे नव्हेत. खरं डोकं त्याच्या खाली आत ओढलेलं असतं, पण समोरच्याला छोट्या सापाचं तोंड दिसल्याचा भास होतो.

हा वेष बदलतो कशामुळे, याचा छडा जपानमधल्या संशोधकांनी लावला. त्यांच्याकडच्या पॅपिलिओ झुथस या भावंडावर काम करून २००८ साली त्यांनी दाखवलं की अंगातलं बालसंप्रेरक, म्हणजे अळीला अळीच ठेवणारं हॉर्मोन, चौथ्या अवस्थेच्या सुरुवातीला कमी झालं की पुढची कात हिरवी निघते. त्यांनी बाहेरून ते संप्रेरक लावलं, तर पाचव्या अवस्थेतही अळी शिटीचंच सोंग घेऊन बाहेर आली.

आता तो खास अवयव. हिरव्या अळीला काडीने हलकेच डिवचा. डोक्यामागून, फटीतून, इंग्रजी वाय अक्षरासारखं केशरी-लालसर दुतोंडी शिंग सर्रकन बाहेर येतं. त्याबरोबर आंबट, कुजक्या फळासारखा तीव्र वास. हे ऑस्मेटेरियम. लहान अवस्थांत त्यातून तेलकट वासाची द्रव्यं निघतात, आणि शेवटच्या अवस्थेत तीच जागा आम्लं घेतात. मुंग्या आणि छोटे शत्रू त्याने हटतात. माणसाला त्याचा काहीच त्रास नाही. अळीला विष नाही, खाजरे केस नाहीत, ती चावत नाही. बोटाला वास लागला तर साबणाने जातो. मात्र गंमत म्हणून पुन्हा पुन्हा डिवचू नका, दर वेळी ती दमते आणि खाणं थांबवते.

आता ज्यासाठी बहुतेक लोक हे भाषण ऐकत असतील तो प्रश्न. झाड वाचवायचं की पाखरू?

त्याचं उत्तर झाडाच्या वयावर आहे. अळी एकूण जेवढं खाते त्यातला फार मोठा वाटा चौथ्या आणि पाचव्या अवस्थेत खाते. पहिल्या आठवड्यात पानांना नुसती बारीक भोकं पडतात, शेवटच्या चार-पाच दिवसांत पानं मधल्या शिरेपर्यंत साफ होतात. म्हणूनच ‘काल ठीक होतं, आज झाड बोडकं झालं’ अशी तक्रार येते. काल ते ठीक नव्हतं. काल अळ्या शिटीच्या सोंगात बसल्या होत्या आणि बघणाऱ्याने त्यांना शिट समजून सोडलं होतं.

पाच-सहा वर्षांच्या वाढलेल्या लिंबाला किंवा संत्र्याला आठ-दहा अळ्यांनी काही होत नाही. नवती पुन्हा फुटते. तिथे हात लावायची गरज नाही. अडचण येते ती रोपवाटिकेत, नव्या लागवडीत आणि फूटभर उंचीच्या कुंडीतल्या रोपावर. जंभेरी म्हणजे ज्यावर संत्र्या-मोसंबीचं कलम बांधतात ते लिंबू. त्याच्या दहा-पंधरा पानांच्या रोपावर हिरव्या दोन अळ्या असल्या तर रोप उघडं पडतं आणि कलम बांधायच्या जाडीला यायला उशीर होतो. नागपूर-अमरावतीची संत्री असोत की जालन्याची मोसंबी, झाडाला नवती आली की ही अळी आलीच. पावसाळ्यात आणि पावसानंतर तिचा जोर जास्त. बागेत आंबिया आणि मृग बहाराच्या, म्हणजे हिवाळा सरतानाच्या आणि पावसाळ्याच्या तोंडच्या, फुटीवर लक्ष ठेवणारा शेतकरी नागअळी आणि सिट्रस सायला या दुसऱ्या किडी शोधतच असतो. त्याच फेरीत, त्याच पानांवर ही अंडीही दिसतात. वेगळी फेरी लागत नाही.

रोपवाटिकेतलं खरं औषध म्हणजे हात. नवती असताना दर दोन दिवसांनी सकाळी ओळीतून फिरायचं, शेंड्याकडची चार-पाच पानं वर-खाली बघायची. अंडी आणि अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. हजार रोपांना हे जमतं. दहा हजारांना जमत नसेल तर पाच टक्के निंबोळी अर्क. ५ किलो निंबोळीची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, २०० ग्रॅम साबण विरघळवून घाला आणि एकूण १०० लिटर करून फवारा. कुंडीसाठी हिशेब सोपा, लिटरला ५० ग्रॅम भरड आणि २ ग्रॅम साबण. अर्क त्याच दिवशी वापरायचा, शिळा ठेवायचा नाही. निंबोळीने अळी पटकन मरत नाही, ती खाणं सोडते. दुसऱ्या दिवशी जिवंत दिसली म्हणून पुन्हा फवारू नका.

दुसरा पर्याय बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून केलेलं कीटकनाशक. ते फक्त अळ्यांवर चालतं, आणि तेही पोटात गेलं तरच. म्हणून पानाच्या दोन्ही बाजू भिजल्या पाहिजेत, आणि अळ्या लहान असतानाच फवारलं पाहिजे. भर उन्हात फवारलेलं बीटी लवकर निकामी होतं. संध्याकाळी फवारा, प्रमाण पाकिटावरचं. जहाल रासायनिक कीटकनाशक या अळीसाठी मारणं म्हणजे घाट्याचा सौदा. या अळीचे शत्रू भरपूर आहेत, आणि औषधाने आधी तेच मरतात. ट्रायकोग्रामासारख्या सूक्ष्म गांधीलमाश्या अंड्यातच अंडी घालतात. कोळी, प्रार्थनाकीटक, कुंभारमाश्या अळ्या उचलतात. औषधाने हे सगळं साफ झालं की पुढच्या नवतीला अळ्या वाढून येतात.

कढीपत्त्याच्या बाबतीत मात्र माझं मत स्पष्ट आहे. ज्या झाडाची पानं उद्या फोडणीत पडणार, त्यावर काहीही फवारू नका. हाताने वेचा, किंवा अळी असलेली डहाळी कापून बेलाच्या, नाहीतर एखाद्या मोठ्या लिंबाच्या झाडावर अडकवा. अळी चिमटीत धरून ओढू नका. पोटाच्या पायांनी तिने पान इतकं घट्ट पकडलेलं असतं की ओढताना पाय तुटतात. पानासकट कापा आणि पानासकट ठेवा, ती स्वतःच उतरून जाईल.

मुलांना दाखवायचं असेल तर एक अळी घरात वाढवता येते. रुंद तोंडाची बरणी घ्या, तोंडाला मलमलीचं फडकं. आत लिंबाची डहाळी ठेवायची ती पाण्याच्या छोट्या बाटलीत, आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करायचं. हे विसरलात तर अळी डहाळीवरून खाली उतरून पाण्यात बुडते. अळ्या दगावण्याचं हे पहिलं कारण. दुसरं कारण लेंड्या. रोज सकाळी लेंड्या झटकून बरणी कोरडी पुसा, नाहीतर ओलीमुळे बुरशी धरते. तिसरं कारण बाजारातून आणलेली पानं. त्यावर औषध मारलेलं असू शकतं आणि ते धुऊन पूर्ण जात नाही. घरच्या, फवारणी नसलेल्या झाडाचीच पानं द्या. चौथं कारण आपली घाई. कात टाकायच्या आधी अळी पानावर रेशमाची बारीक गादी विणते आणि दिवसभर दगडासारखी निपचित बसते. ती आजारी नसते. तेव्हा तिला उचललं तर जुनी कात नीट सुटत नाही आणि अळी त्यातच अडकून मरते.

हवामानाप्रमाणे १३ ते २३ दिवसांत अळीचं खाणं संपतं. मग ती एकदा पातळ विष्ठा टाकून पोट रिकामं करते आणि सैरावैरा चालू लागते. बरणीत एक खरबरीत काडी तिरकी उभी करून ठेवा. काडी मिळाली नाही तर ती काचेवरच कोष करायला बघते आणि मग पाखरू निघताना घसरून पडतं. काडीवर ती शेपटाकडचं टोक रेशमाच्या गादीत अडकवते आणि छातीभोवती रेशमाचा एक दोरा घेते. माडावर चढणारा कमरेला दोर टाकून मागे रेलतो, तशी डोकं वर करून ती रेलून बसते. साधारण दिवसभरात शेवटची कात पडते आणि कोष उघडा होतो. हिरव्या, गुळगुळीत डहाळीवर तो बहुधा हिरवा, सुक्या खरबरीत काडीवर तपकिरी.

ताजा कोष मऊ असतो. त्याला पहिले २४ तास हात लावू नका. याच काळात टेरोमॅलस नावाची हिरवट चमकणारी, मुंगीएवढी गांधीलमाशी त्यात अंडी घालते. कोष करायला बसलेल्या अळीजवळ ती ताटकळत थांबते आणि कात पडताक्षणी काम साधते. दोन आठवड्यांनी कोष गडद, कडक झाला, स्पर्शाला जराही हलला नाही आणि त्याला टाचणीएवढं भोक दिसलं, तर त्यातून पाखरू येणार नाही, माश्या निघून गेल्या आहेत. मलमलीचं फडकं याच्यासाठीच घट्ट बांधायचं.

चांगला कोष उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण ८ ते १० दिवसांत उकलतो, थंडीत तीन आठवडेही लागतात. ११ अंशांच्या आसपास पारा उतरला की याची वाढच थांबते. सगळं अनुकूल असेल तर अंड्यापासून पाखरापर्यंतचा फेरा २६ दिवसांत पुरा होतो आणि उष्ण भागात वर्षाला नऊ पिढ्यांपर्यंत नोंदल्या गेल्या आहेत. खुद्द पाखराचं आयुष्य मात्र आठवडाभराचंच.

निघायच्या आदल्या दिवशी कोषाची साल पातळ होते आणि आतल्या पंखांवरचे पिवळे ठिपके बाहेरून दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी बहुधा सकाळी डोक्याकडून फट पडते आणि ओलं, चुरगळलेलं पाखरू काडी धरून बाहेर येतं. पंख तेव्हा नखाएवढे असतात. ते उलटं लटकून पोटातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलतं आणि पंधरा-वीस मिनिटांत पंख उलगडतात. वाळायला आणखी तास-दोन तास. या वेळात बरणी हलवायची नाही, कोष फोडून मदत करायची नाही. खाली पडलंच तर बोट पुढे करून पुन्हा काडीवर चढू द्या. पंख वाकडेच वाळले तर ते कधीच उडत नाही.

काडीखाली कागदावर तांबूस पाण्याचा डाग पडलेला दिसेल. ते रक्त नाही. कोषात असताना साठलेला टाकाऊ द्रव ते निघाल्यावर टाकतं. कागद बदला, बरणी खिडकीत ठेवा आणि फडकं सोडा. ऊन आलं की ते स्वतःच निघेल.

नमस्कार.